पेशींचं आयुष्य आणि आपली घाई

आई-बाबांनो,

धडगावकडून जीप आली की ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवतो आणि मग थर्माकोलचा डबा आमच्या काउंटरवर ठेवतो. डब्यात जांभळ्या टोपणाचे बल्ब, म्हणजे रक्ताच्या छोट्या नळ्या. मी रक्त तपासणारी बाई. डॉक्टर नाही, नर्स नाही. रक्त घ्यायचं, काचपट्टीवर पसरायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, हे माझं बावीस वर्षांचं काम. तुमच्या लेकरांना मी चेहऱ्यावरून कमी आणि पेशींवरून जास्त ओळखते, असं आमच्या घरी चेष्टेने म्हणतात.

गेल्या मे महिन्यात असाच एक बल्ब आला. रक्त सकाळी काढलेलं, घाट उतरून माझ्यापर्यंत पोचायला दिवस मावळला आणि डब्यातल्या बर्फाचं केव्हाच पाणी झालेलं. पट्टी लावून पाहिली. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीचं केंद्रक एरवी तीन-चार पाकळ्यांचं असतं, पाकळ्या बारीक धाग्याने जोडलेल्या. इथे बऱ्याच पेशींत त्या पाकळ्या मिटून काळे गोल ठिपके झाले होते, मोहरी सांडावी तसे. मी चिठ्ठीवर 'ताजा नमुना पाठवा' असं लिहिलं. मग त्या पोराच्या वडिलांचा फोन. "ताई, पोऱ्याले काय व्हयनं? परत रक्त कशाला?" म्हटलं, दादा, पोराला काही झालं नाही, रक्त म्हातारं झालं. ते हसले. एका दिवसात म्हातारं?

हो, एका दिवसात. बल्बमध्ये बसल्या बसल्या त्या पेशींची वेळ भरली होती. फोन ठेवला आणि वाटलं, हे एकदा तुम्हा सगळ्यांशी नीट बोलायला हवं.

पांढऱ्या पेशी म्हणजे एकच जात नव्हे. मोठ्या माणसात सगळ्यांत जास्त भरणा न्यूट्रोफिलचा. हाडांमधला मगज दिवसाला सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो. जवळपास तितक्याच रोज मरतातही, म्हणून तर आकडा जागेवर राहतो. रक्तात आल्यावर ही पेशी जगते किती, यावर जाणकारांत अजून भांडण आहे. जुन्या मोजणीत निम्म्या पेशी सहा-आठ तासांत रक्तातून निघून जातात असं आलं. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी माणसांना जड पाणी पाजून मोजलं तर पाच दिवसांच्या आसपास आकडा आला, आणि तो न पटलेलेही पुष्कळ आहेत. काहीही धरा. तांबडी पेशी १२० दिवस जगते, तिच्यापुढे ही पाहुणीच.

न्यूट्रोफिलच्या आत एमसीएल-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते आहे तोवर पेशी जगते. पण ते टिकतं काही तासच, सारखं नवं करत राहावं लागतं. चिमणीत बोटभर रॉकेल घालून ठेवावं तसं. जखम झाली, जंतू शिरला, की शरीर जी-सीएसएफसारखे निरोप धाडतं. त्या निरोपांनी रॉकेल पडत राहतं, पेशी जास्त वेळ तगते, आणि मगजही नव्या पेशींचा घाणा वाढवतो. जंतू संपला की निरोप थांबतात आणि चिमणी विझते.

पण विझते म्हणजे फुटत नाही बरं का. न्यूट्रोफिलच्या पोटात जंतू मारायचा दारूगोळा भरलेला असतो. ती वाटेल तिथे फुटली तर आपलंच मांस जळेल. म्हणून ती आतल्या आत सगळं आवरून घेते, आकसते, आणि मॅक्रोफेज नावाची मोठी भक्षक पेशी तिला अख्खी गिळते. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाला अ‍ॅपॉप्टॉसिस असं नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. होळीच्या सुमारास तोरणमाळचा घाट चढताना साग बघा. पान वाऱ्याने तुटत नाही, झाडच देठाशी त्याला सोडून देतं. गळवातला पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलचाच ढीग. एका जागी इतक्या पडल्या की आवरणाऱ्यांचे हात पुरले नाहीत.

आता मगजाला कसं कळतं, उद्या किती पेशी करायच्या? ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादम काय असतो हे मी सांगायला नको. संध्याकाळी तो डोकी मोजतो आणि त्यावरून उद्याची माणसं ठरवतो. मॅक्रोफेज म्हणजे हा मुकादम. म्हाताऱ्या न्यूट्रोफिल पुरेशा गिळायला मिळाल्या की तिच्याकडून वर जाणारी मागणी उतरते, कमी मिळाल्या की चढते. मधे दोन-तीन मध्यस्थ आहेत, त्यांची नावं सोडून देते.

हे सगळं कशाला सांगितलं? तुमच्या हातातल्या रिपोर्टसाठी. शहाद्याकडचे एक वडील रात्री दहाला माझ्या दारात उभे. तीन वर्षांची मुलगी, साधी सर्दी, कुठूनतरी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केलेली. कागदावर लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींची दुसरी एक जात, ५८ टक्के आणि पुढे ठळक 'एच', म्हणजे जास्त. मोबाइलवर शोधलं तर रक्ताचा कर्करोग निघाला. माणूस थरथरत होता. अहो, तीन वर्षांच्या मुलीत लिम्फोसाइटच जास्त असतात! जन्मानंतर काही दिवसांतच त्या न्यूट्रोफिलला मागे टाकतात आणि चार-पाच वर्षांची होईपर्यंत पुढेच असतात. मग पारडं फिरतं. त्या यंत्रात मोठ्या माणसाची रेंज भरलेली होती, एवढाच तो कर्करोग. एकूण पेशींचंही तसंच. मोठ्यांना चार ते अकरा हजार ठीक, तर नुकत्या जन्मलेल्या बाळाला तीस हजारसुद्धा चालतात. कागद हातात आला की आधी विचारा, ही रेंज मुलांची आहे का?

आणखी एक. न्यूट्रोफिलपैकी निम्म्याच्या आसपास रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात, त्या मोजणीत येत नाहीत. पोर हातपाय झाडून रडलं की त्या सुटून प्रवाहात येतात आणि आकडा फुगतो. म्हणून मी आईला म्हणते, आधी अंगावर घे, शांत कर, मग टोचू. मागे रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

वाढलेला आकडा दिसला की सगळे घाबरतात. मला घाबरवतो तो नवजात बाळाचा उतरलेला आकडा. बाळाच्या मगजात न्यूट्रोफिलची शिल्लक थोडी असते. मोठा जंतुसंसर्ग झाला तर खर्च भराभर होतो आणि नवा माल वेळेत येत नाही. अशी पट्टी दिसली की मी रिपोर्ट छापायची वाट बघत नाही, सरळ वॉर्डात फोन लावते.

आता एक नाजूक गोष्ट. गावात 'सुई' मारणारे असतात, तुम्हाला माहीत आहेत, मी कुणाचं नाव घेणार नाही. एका पोराचा सहा दिवसांचा ताप. माझ्याकडे आलं तेव्हा आकडा एकोणीस हजार, सगळा न्यूट्रोफिलचा, लिम्फोसाइट शोधून काढाव्या लागत होत्या. आईला हळूच विचारलं, सुई घेतली का? म्हणाली, दोन दिवस घेतली, लगेच उतरला ताप, परत चढला. अशा सुईत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिलचं मरण लांबतं, भिंतीला चिकटलेल्याही सुटून रक्तात येतात, म्हणून आकडा वाढतो. उलट लिम्फोसाइट मरतात किंवा रक्तातून दडी मारतात. ताप उतरतो तो जंतू मेला म्हणून नाही, आरडाओरडा करणाऱ्यांचं तोंड दाबलं म्हणून. दम्यासारख्या दुखण्यात डॉक्टर विचार करून हेच औषध देतात आणि ते जीव वाचवतं, ते आपल्या मनाने बंद करायचं नाही. पण कुठेही सुई घेतली असेल तर पुढच्या डॉक्टरांना सांगा. लाज वाटून घेऊ नका. ती आई मला बोलली म्हणून त्या आकड्याचा अर्थ लागला.

लिम्फोसाइटचा हिशोब अगदी वेगळा. जंतू आला की त्याला ओळखणारी मूठभर पेशींची टोळी काही दिवसांत हजारो पटींनी वाढते. मानेत, काखेत गाठी येतात त्या यातूनच. काम झालं की या फौजेतल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त मरतात. वाढवणारे निरोप आटतात म्हणून मरतात, आणि काहींना त्यांच्या अंगावरच्या 'फास' नावाच्या खुंटीवरून मरणाचा हुकूम मिळतो. ती खुंटीच जन्मतः बिघडलेली असलेली मुलं असतात, फार क्वचित. त्यांच्या पेशी मरतच नाहीत, गाठी आणि पाणथरी वाढत जाते आणि पेशी आपल्याच रक्तावर उलटतात. न मरणं हाही आजारच. तापानंतर मानेतली बारीक, हलणारी गाठ दोन-तीन आठवडे राहिली तर रोज चाचपत बसू नका. वाढत गेली, दगडासारखी लागली किंवा वजन उतरायला लागलं, तर मात्र दाखवाच.

उरलेल्या पाच-दहा टक्के पेशी आठवण धरून बसतात, आणि त्यांचं आयुष्य पाहिलं की मी थक्क होते. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली. पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघर फिरून नोंदलं, की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा आला नाही. पासष्ट वर्षं! एकच पेशी इतकी जगत नाही, वंश चालवत राहते. प्रतिपिंडं करणाऱ्या काही पेशी मात्र मगजात दशकानुदशकं ठाण मांडून असतात. लस म्हणजे ही आठवण, दुखणं न काढता मिळवलेली. आणि गोवर 'यायचाच, अंगावर निघून जाऊ दे' असं म्हणणाऱ्या आजीला सांगा, हा गोवर नेमका याच आठवणीच्या पेशींत शिरतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं तर जुन्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झालेली. पुरळ गेलं आणि आधीच्या आजारांची ओळखही घेऊन गेलं.

सिकलसेलच्या घरांसाठी थोडं वेगळं सांगते. आपल्या भागात ही घरं कमी नाहीत. तुमच्या मुलाची तांबडी पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसच जगते, हे तुम्हाला आधीच कुणी सांगितलं असेल. पांढऱ्या पेशी मात्र त्याच्या रिपोर्टमध्ये बऱ्याचदा भरपूर दिसतात आणि त्यावर घर निर्धास्त होतं. तसं राहू नका. कोयत्याच्या आकाराच्या पेशी अडकून अडकून पाणथरी पाच वर्षांच्या आतच बहुतेक निकामी होते. रक्तातले जंतू गाळून पकडायची जागाच गेली तर शिपाई असून काय उपयोग? म्हणून अशा मुलाला १०१ ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. पाच वर्षांचा होईपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन देतात. १९८६ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात तेवढ्याने गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली.  मुलाची तपासणी राहिली असेल तर करून घ्या, फार वेळ लागत नाही.

आता ज्यासाठी एवढं बोलले, तिथे येते.

लिम्फोसाइटमधल्या टी-पेशींची एक शाळा असते. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर, थायमस नावाची मऊ ग्रंथी. आश्रमशाळाच म्हणा, कारण पेशी मगजातून येतात आणि इथेच मुक्कामाला राहतात. शंभर दाखल झाल्या तर पास होऊन बाहेर पडतात जेमतेम तीन-चार. बाकीच्या तिथेच मरतात. काही कुचकामी म्हणून, काही आपल्याच शरीरावर धावून जातील म्हणून. लहानपणी ही शाळा जोरात चालते, पुढे वयाबरोबर आपसूक ओसरत जाते.

पोटात अन्न नसलं की शरीर काय करतं? दुष्काळात घर करतं तेच. आधी पोरांची शाळा सोडवतं. भुकेल्या, सारख्या आजारी पडणाऱ्या मुलाच्या रक्तात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं, आणि त्याने थायमसमधल्या कोवळ्या पेशी झपाट्याने मरतात. ग्रंथी आक्रसते. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी मात्र सुरळीत दिसू शकतात. अशा मुलाचा कागद 'नॉर्मल' म्हणून हातात देताना माझा हात अडखळतो.

ताप येतो तोही पांढऱ्या पेशींच्या निरोपांमुळे. कुपोषित लेकराच्या पेशींत तेवढी आरोळी ठोकायचीही ताकद नसते. फुप्फुसात न्यूमोनिया आणि अंग गार, असं होतं. दंडाची पट्टी लाल दाखवत असेल, म्हणजे दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल, तर 'ताप नाही ना' म्हणून थांबू नका. खेळत नाही, दूध नको म्हणतं, हातपाय थंड, छाती भराभर वरखाली, झोपूनच राहतं, यातलं एक जरी असलं तरी उचला आणि निघा.

बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात १९९० च्या दशकात डॉक्टरांनी अशाच मुलांना भरती करून खाऊ घातलं आणि दर आठवड्याला सोनोग्राफीने त्यांचा थायमस मोजला. वजन महिन्याभरात भरलं. थायमस भरायला दोन महिने लागले. मी हे वाचलं त्या रात्री मला आपल्याकडची किती तरी पोरं आठवली.

कारण आपल्याकडे पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस काढणंही जड जातं. घरी दुसरी दोन पोरं, बकऱ्या, आणि दिवाळी झाली की गुजरातला जायची टुकडी निघते, ट्रक कुणासाठी थांबत नाही. बापाला चूक म्हणायची माझी प्राज्ञा नाही. उचल घेतलेली असते. पोराचे गाल भरलेले दिसतात, वजनकाट्यावर आकडा चढलेला, मग तो म्हणतो, झालं की बरं. गाल आधी भरतात, दादा. शाळा अजून उघडायची असते.

जुलाबातही हेच. डॉक्टर झिंकची गोळी चौदा दिवस लिहून देतात, तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि उरलेल्या गोळ्या कुडाला खोचून ठेवतात. मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, पावसाने पिवळ्या पडलेल्या. झिंक कमी पडलं की थायमस आकसतो, उरलेल्या गोळ्या त्याच्यासाठी असतात. अंगावरच्या दुधाचंही तेच. चिकात आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी असतात, तो पिळून टाकू नका. डेन्मार्कमध्ये चार महिन्यांच्या बाळांचे थायमस मोजले तेव्हा अंगावर पिणाऱ्यांचे बाटलीवाल्यांपेक्षा बरेच मोठे निघाले.

दोन वर्षांपूर्वी मोलगीकडचं एक कुटुंब होतं. मुलगी चौदा महिन्यांची. केंद्रात चौदाव्या दिवशी वजन समाधानकारक, आणि त्याच संध्याकाळी टुकडीचा ट्रक. बाप माझ्याकडे शेवटचा रिपोर्ट न्यायला आला तेव्हा मी त्याला कागदावर थायमसचं चित्र काढून दाखवलं. चित्र काही जमलं नाही, वांग्यासारखं दिसत होतं. त्याने बराच वेळ बघितलं. मग बाहेर जाऊन बायकोशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. तो एकटा ट्रकवर गेला. ती मुलीला घेऊन माघारी पाड्यावर राहिली, अंगणवाडीतलं अंडं, डाळ, शेंगदाण्याचा कूट, आणि सहा आठवड्यांनी पुढच्या माणसांबरोबर मागून गेली. जाताना मी एवढंच म्हटलं, माता-बाल कार्ड बरोबर ने. लस कुठेही मिळते, फक्त कार्ड दाखव.

होळीला सगळे परत आले. ती खास मला भेटायला आली नव्हती, बाजाराला आली होती, मी रस्त्यात दिसले म्हणून थांबली. मुलगी चालत होती, पायात लाल प्लास्टिकची चप्पल, ती सारखी काढून हातात घेत होती. आईने पदराच्या गाठीतून कार्ड काढलं. घडीवर घडी घालून मऊ पडलेलं, आमचुराचा वास येत होता. गोवराच्या दुसऱ्या डोसच्या चौकटीत कुणीतरी गुजरातीत तारीख लिहिली होती. "ताई, काय लिहिलं ते वाचून दाखव," ती म्हणाली. मी अक्षर लावून लावून वाचली. मुलगी सतरा महिन्यांची असताना घेतली होती.